‘तू जागा’ची चाल

ट्यूनरनं पियानोचं वरचं झाकण उचलून भिंतीला टेकवलं, आत वाकून सूर जुळवायची चावी तारेच्या एका खुंटीवर बसवली आणि पट्टी वाजवून पाहिली. मग शेजारची. मग तिच्या शेजारची. चावी त्यानं फिरवली नाही, नुसती धरून राहिला.

दाराच्या चौकटीला टेकून काकू त्याच्या मनगटाकडे बघत होत्या. चर्चच्या बालवृंदातली मुलं त्यांना काकू म्हणत आणि त्यांच्या नवऱ्याला मास्तर. ऐकून ऐकून मोठी माणसंही तेच म्हणायला लागली होती. मास्तर गीतांना चाली लावत. काकू त्या चाली कागदावर उतरवत, त्यांना दुसरा आवाज जोडत, पियानोची साथ बांधून देत. या घरातून बाहेर पडलेली गीतं म्हणत मोठी झालेली माणसं आता आपल्या मुलांना बोटाला धरून सरावाला सोडायला येत.

“वाद्य बरोबर आहे, बाई,” ट्यूनर मान वर न करता म्हणाला. “मागच्या वेळीही बरोबर होतं. त्याच्या आधीही.”

“त्यांना वरच्या पट्ट्या फाटल्यासारख्या ऐकू येतात. एकीतून दोन-दोन सूर निघतात म्हणतात.”

“मला एकच ऐकू येतो.”

काकूंनी मागे वळून पाहिलं. आत नळ वाहत होता. मास्तर दाढी करत होते. त्या दोन पावलं पुढे आल्या आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, “दोन-चार खुंट्या फिरवल्यासारखं करा.”

ट्यूनरनं आता मान वर केली. “फिरवल्यासारखं?”

“नुसतं. त्यांना बरं वाटेल.”

“मी खोटी चावी कधी लावली नाही, बाई.”

“मग आज लावा,” काकू म्हणाल्या. आपण कोणाशी इतकं तुटक बोलतोय हे त्यांच्या लक्षात आलं, पण शब्द परत घ्यायला वेळ नव्हता. नळ बंद झाला होता.

मास्तर टॉवेलनं गाल टिपत बाहेर आले. ट्यूनर पुन्हा वाकला होता, चावीचा लाकडी दांडा इकडून तिकडे हलवत होता आणि मधूनच एखादी पट्टी मारत होता. थोड्या वेळानं तो बाजूला झाला. मास्तर बसले. वरच्या पट्ट्यांवरून एकेक बोट टाकत गेले, परत आले. त्यांनी दाराकडे, काकूंकडे एकदा पाहिलं.

“आता बरं आहे,” ते म्हणाले. “हात चांगला आहे हो तुमचा.”

 ट्यूनरनं हत्यारं कापडात गुंडाळली. काकू त्याला सोडायला जिन्यापर्यंत गेल्या, तेव्हा एका पायरीवर थांबून तो एवढंच म्हणाला, “दुरुस्ती पियानोची नाही. उशीर करू नका.”

काकू परत आल्या तेव्हा मास्तर वाजवत होते. ज्या पियानोला कोणी हात लावला नव्हता, तो त्यांना आता बरा वाटत होता.  म्हणजे यांना आता काहीच कळेनासं झालं, काकूंना वाटलं. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागल्या.

सुरुवात फोनपासून झाली होती. एका सकाळी मास्तरांनी नेहमीसारखा फोन डाव्या कानाला लावला, बराच वेळ “हॅलो, हॅलो” केलं, मग उजव्या कानाला लावला आणि एकदम नीट बोलायला लागले. “लाइन खराब आहे,” असं नंतर म्हणाले. त्या दिवसापासून फोन उजव्याच कानाला लागू लागला. काकू पारखून बघायला लागल्या. पेपर वाचत बसलेल्या मास्तरांच्या डाव्या अंगाला उभं राहून त्या साध्या आवाजात विचारत, “चहा ठेवू का?” मास्तर पान उलटत. मग त्या खुर्चीला वळसा घालून उजवीकडे येत आणि तेच विचारत. “ठेव की,” मास्तर म्हणत, “विचारतेस काय.” 

सांगायला हवं, हे त्यांना रोज कळत होतं. रोज सकाळी त्या ठरवत आणि दुपारपर्यंत ते ठरवणं विरून जाई. कारण त्यांनी सासऱ्यांना पाहिलं होतं. सासरेही गायनवृंद चालवत. शेवटी शेवटी त्यांना ऐकू येईनासं झालं. वृंदातली वांड मुलं नुसतेच ओठ हलवायची, आणि म्हातारा “मोठ्यानं, मोठ्यानं” करत हात उंचावायचा, आणि मागच्या रांगेत हसू फुटायचं. एक दिवस त्यांना ते कळलं. त्यानंतर ते चर्चमध्ये गेले नाहीत. खुर्ची भिंतीकडे फिरवून बसायचे. बापाला जेवायला उठवताना त्याच्या खांद्याला हात लावावा लागायचा, आणि दरवेळी तो दचकायचा. तेव्हा नव्या नवरी असलेल्या काकूंच्या कानाशी येऊन मास्तर म्हणाले होते, “माझे हात गेले तरी चालतील गं. हे नको.” एरवी भित्रा नसलेला माणूस तेव्हा थरथरत होता. ते थरथरणं काकू विसरल्या नव्हत्या.

आणि नेमकं आताच नवं गीत आलं होतं. चर्चच्या मागचं जुनं सभागृह दुरुस्त होऊन उघडणार होतं आणि पहिल्या उपासनेत मुलांनी म्हणायला पाळकसाहेबांनी एका शिक्षिकेकडून शब्द लिहून घेतले होते. लहान मुलांच्या तोंडी शोभतील असे, साधे:

*दिवा विझला, देवा, तू जागा,
डोळे मिटले, देवा, तू जागा.*

“भीती वाटणाऱ्या पोरांसाठी आहे,” कागद देताना पाळकसाहेब म्हणाले होते. “चाल अशी हवी, की अंथरुणात पडल्या पडल्या म्हणता आली पाहिजे.”

मास्तरांनी चाल लावली ती खरंच तशी होती. पहिल्या ओळीभर सूर जमिनीशी राहायचा आणि ‘तू जागा’ला एकदम वर जायचा, मूल उशीवरून मान उचलून बघतं तसा. दुसऱ्या ओळीत पुन्हा तेच, फक्त आणखी एक पायरी वर. पण ती वरची पायरी मास्तरांना सापडत नव्हती. सकाळी ते एक सूर गायचे, दुपारी त्याच्या किंचित वरचा, दुसऱ्या दिवशी कुठला तरी तिसराच. काकू पेन्सिल हातात धरून बसत. शेवटी त्यांनी जो असायला हवा तो सूर लिहिला आणि पियानोवर वाजवून दाखवला.

“हो, हाच,” मास्तर म्हणाले. “मी तोच म्हणत होतो.”

काकूंनी कागदाकडे पाहिलं. आजवर मास्तरांनी दिलेल्या चालीला त्यांनी आधार दिला होता, चालीत कधी हात घातला नव्हता. आता गीतातला सगळ्यात महत्त्वाचा सूर त्यांनी स्वतःच्या मनानं घातला होता आणि चाल लावणाऱ्याला ते कळलंही नव्हतं. त्यांना एखाद्या झोपलेल्या माणसाच्या हातातून काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं.

पहिली ओळ एकटीनं म्हणायला मास्तरांनी बेकरीवाल्याची मुलगी निवडली होती. सगळे तिला भिंगरी म्हणत, कारण ती उभी राहिली तरी फिरायची. आवाज मात्र सरळ होता, स्वच्छ, पेल्यावर चमचा वाजवावा तसा.

चर्चमधल्या सरावाला ती गायली. ‘तू जागा’ला सूर अगदी जागेवर पडला. पियानोपाशी बसलेल्या काकूंना बरं वाटतंय तोच मास्तरांनी हात वर केला.

“खाली येतेयस.”

भिंगरी पुन्हा गायली. पुन्हा जागेवर.

“खाली, खाली. पियानो ऐक ना. कुठे आहे तो आणि कुठे आहेस तू?”

तिसऱ्यांदा तिनं सूर ओढून वर नेला आणि तो खरोखरच फाटला. मुलं हसली. मास्तरांनी दोन्ही तळवे कानांवर ठेवून काढले आणि म्हणाले, “तुला झालंय काय? सोप्पी ओळ आहे.” भिंगरी फिरायची थांबली होती. हनुवटी छातीला लावून ती बुटाच्या बंदाकडे बघत उभी राहिली.

काकूंचे हात पट्ट्यांवर होते. एकच वाक्य म्हणायचं होतं. त्यांनी मास्तरांच्या मागे उभ्या असलेल्या मोठ्या मुलांकडे पाहिलं, त्यांतला एकजण दुसऱ्याला कोपरानं ढोसत होता, आणि त्यांचं तोंड उघडलंच नाही.

त्या दिवशी घरी येताना दोघं रस्ता ओलांडत होते. मास्तर बोलत बोलत पुढे झाले आणि डावीकडून आलेल्या टेम्पोचा हॉर्न अगदी जवळ वाजला. काकूंनी मास्तरांच्या कोटाची बाही धरून मागे ओढलं. टेम्पो गेला. मास्तर वळून म्हणाले, “काय गं?” हॉर्न त्यांना ऐकूच आला नव्हता, की कुठून आला ते कळलं नव्हतं, कोण जाणे. तेव्हापासून काकू रस्त्यानं त्यांच्या डावीकडून चालायला लागल्या.

पुढच्या सरावाला भिंगरी आली, पण तिचे ओठ नुसतेच हलत होते. मास्तरांना ते दिसलं नाही. तिची ओळ त्यांनी आता सगळ्यांनाच म्हणायला दिली होती. काकूंना दिसलं. सराव संपल्यावर बेकरीवाला मुलीला न्यायला आला. मुलीला पुढे पाठवून तो काकूंपाशी थांबला.

“काकू, ती घरी गायची बंद झालीय,” तो म्हणाला. “आंघोळीलासुद्धा नाही. म्हणते, मी बेसूर आहे, मास्तरांनी सांगितलंय. खरंच आहे का हो तसं? असेल तर असेल. मला त्यातलं कळत नाही. तिच्या आईचंही हेच विचारणं चाललंय.”

त्याच्या भुवयांवर पीठ होतं. काकूंना त्याच्या डोळ्यांत बघवेना. “मी बघते,” त्या म्हणाल्या.

घरी आल्यावर त्यांना जेवण गेलं नाही. आजवर त्या एकाच माणसासाठी भीत होत्या. आता एक लहान मुलगी जन्मभर स्वतःबद्दल एक खोटी गोष्ट खरी मानून चालणार होती, आणि ती खोटी गोष्ट काकूंच्या गप्प राहण्यातून निघाली होती.

त्यानंतरच्या सरावात मास्तरांनी भिंगरीला पुन्हा पुढे बोलावलं. “एकदा बघू,” ते म्हणाले. ती पुढे आली, पण गाईना. मास्तर वाट पाहत राहिले. शेवटी ती गायली, इतकं बारीक, की समोरच्या रिकाम्या खुर्च्यांनाही ऐकू जाऊ नये. सूर बरोबर होता.

“बघ, परत खाली,” मास्तर म्हणाले.

“मुलगी बरोबर गातेय,” काकू म्हणाल्या.

सगळी मुलं पियानोकडे बघायला लागली. सरावात काकू कधी बोलत नसत.

मास्तर हळूच वळले. “काय म्हणालीस?”

काकूंनी तो सूर वाजवला, पट्टी दाबून धरली. “हा आहे. ती इथंच आहे. त्या दिवशीही इथंच होती.”  “ती खाली येत नाहीये, अहो.”

 मास्तरांनी डाव्या कानात बोट घातलं आणि मान किंचित तिरकी केली. काकूंनी पट्टी पुन्हा दाबली. मास्तरांनी बोट काढलं, पुन्हा घातलं. मुलांना त्यात गंमत वाटली नाही. कोणी हसलं नाही. “आजचं एवढंच,” मास्तर म्हणाले. मुलं पिशव्या उचलून निघाली, तेव्हा भिंगरी त्यांत सगळ्यात पुढे होती.

कानाच्या डॉक्टरबाई वयानं त्यांची मुलगी शोभावी एवढ्या होत्या. त्यांनी मास्तरांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले आणि हातात एक बटण दिलं. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं. काकू बाहेर बाकावरून बघत होत्या. आधी उजवा कान. मास्तरांचा अंगठा हलत होता, हलत होता. मग डावा. अंगठा बटणावर तसाच राहिला. मास्तर डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून ऐकत होते, आणि अंगठा हलत नव्हता. काकूंना वाटलं, आत जावं आणि आपणच ते बटण दाबावं.

“हे कधीपासून?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“झाला महिना. जास्तच,” मास्तर म्हणाले.

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. “असं एकाएकी होतं तेव्हा पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत आलं तर औषधानं काही परत मिळवता येतं. सगळ्यांचं नाही, पण बऱ्याच जणांचं. आता…” त्यांनी वाक्य सोडून दिलं आणि काकूंकडे पाहिलं. “तुमच्याही लक्षात आलं नाही?”

काकूंनी तोंड उघडलं.

“हिला कसं कळणार?” मास्तर म्हणाले. “मी कोणाला कळू दिलं तर ना.” टेबलाखाली त्यांनी काकूंचं मनगट घट्ट धरलं होतं.

उजवा कान चांगला होता. त्याला जपायचं, दर काही महिन्यांनी तपासायचं. डाव्याची आशा धरू नये. डॉक्टरबाईंनी हे सगळं नीट, सावकाश सांगितलं, आणि काकूंना त्यातलं निम्मंच ऐकू आलं.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर त्या खाली बसल्या.  मास्तर शेजारी बसले, पण मग उठून दुसऱ्या बाजूला आले, म्हणजे काकू त्यांच्या उजवीकडे राहतील.

“मला माहीत होतं,” काकू म्हणाल्या. “फोनच्या दिवसापासून.”

“मलाही माहीत होतं, तुला माहीत आहे ते.”

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं.

“ट्यूनरनं एकही खुंटी फिरवली नव्हती,” मास्तर म्हणाले. “तार ताणली की करकरते, ते मला उजव्या कानानं ऐकू येतं. पण तू दारात उभी होतीस. तुझा चेहरा असा झाला होता, की मी म्हटलं, बरं आहे म्हणून टाकावं.”

 ट्यूनर आला तो दिवस आणि पहिल्या फोनचा दिवस यांच्यात किती अंतर होतं, ते काकूंनी मनात मोजायला घेतलं आणि अर्ध्यात सोडून दिलं. मोजून जे निघालं असतं, ते दोघांपैकी कोणालाच ऐकायचं नव्हतं. समोरच्या रस्त्यानं माणसं जात होती. मास्तरांनी खिशातून रुमाल काढून त्यांच्या हातात दिला.

“बेकरीत जाऊ,” ते म्हणाले.

“आता?”

“आता नाही गेलो तर मी जाणार नाही.”

बेकरीत पीठ मळायचं यंत्र चालू होतं. त्याच्या घरघराटानं काचेच्या बरण्याही थरथरत होत्या. मास्तर दारातच अडखळल्यासारखे झाले, जणू आवाजाची भिंत लागली. बेकरीवाला हात पुसत पुढे आला. कशासाठी आलात हे त्यानं विचारलं नाही.

“मास्तर, राहू द्या आता,” तो म्हणाला. “दुसरी मुलं आहेत की तुमच्याकडे.”

मास्तरांना ते ऐकू आलं नाही. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी उजव्या कानाशी वाकून ते वाक्य जसंच्या तसं सांगितलं. बेकरीवाला ते बघत राहिला, आणि मग त्यानं आपण होऊन मागच्या दाराकडे हाक मारली.

भिंगरी आली ती बापाच्या मागे उभी राहिली. मास्तर गुडघ्यावर हात टेकून वाकले.

“तू बरोबर होतीस,” ते म्हणाले. “दरवेळी. माझा हा कान गेलाय. तो मला भलतंच सांगत होता.”

भिंगरीनं बापाच्या ॲप्रनआडून त्या कानाकडे पाहिलं. “दुखतो?”

“काय?”

“दुखतो का?” ती मोठ्यानं म्हणाली.

“नाही.”

“मग मला का ओरडलात?”

 “घाबरलो होतो,” मास्तर म्हणाले.

भिंगरीनं यावर विचार केला. मोठ्या माणसानं असं सांगितल्यावर काय म्हणायचं असतं ते तिला माहीत नसावं. तिनं बापाकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. मग ती कोणी न सांगता तिथंच, उभ्या उभ्या, दोन ओळी गायली. यंत्राच्या घरघराटात तिचा आवाज पातळ वाटत होता, पण होता.

“बरोबर आलं?” तिनं विचारलं.

मास्तर हसले, पण त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरलेला काकूंना दिसला. “मला नाही कळलं गं. यंत्र चालू आहे. तुला काय वाटलं?”

भिंगरीनं ओठ चावला. “पहिला बरोबर होता. दुसरा ‘जागा’ खाली गेला.”

मास्तरांनी काकूंकडे पाहिलं. भिंगरीनंही. दुसरा सूर खरोखरच खाली गेला होता, केसभर; काकूंनी तो ऐकला होता. छान झालं, असं म्हणणं किती सोपं होतं. त्यांच्या जिभेवर ते आलंही होतं.

“गेला,” काकू म्हणाल्या. “थोडासा.”

भिंगरीनं मान हलवली. तिला वाईट वाटलेलं दिसलं नाही. ती बापाच्या मागून निघाली, मास्तरांना वळसा घातला आणि त्यांच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली.

“परत म्हणते,” ती म्हणाली.